अठ्ठ्याऐंशीतले ऐंशी

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

बंटी, हे पत्र तुझ्या आजोबांना, म्हणजे माझ्या बाबांना, हळू वाचून दाखव. आकडा आला की थांब, त्यांना बोटांवर मोजू दे. आणि मधलं काही गाळू नकोस, मला नंतर कळतंच.

बाबा, परवा फोनवर मी ‘अठ्ठ्याऐंशी क्रेडिट’ म्हटलं आणि तुमचा आवाजच बंद झाला. मला वाटलं, रेंज गेली. मग आईनं सांगितलं, तुम्ही ओट्यावर जाऊन बसलात आणि म्हणालात, "पोरीनं एवढं कायले काढलं?" चूक माझी. आपल्या घरात क्रेडिट म्हणजे किसान क्रेडिट कार्ड, आणि ते कार्ड म्हणजे मार्चअखेर सोसायटीचा माणूस दारात. हे ते नव्हे. हे कर्ज नाही, जमा आहे. पंधरा तास वर्गात शिकलं की १ क्रेडिट. कॉम्प्युटरवर हातानं करायचं काम असेल तर ३० तासांना १. परीक्षा पास झाली की ते आपल्या नावावर चढतं. तालुक्याच्या कॉलेजात चार सेमिस्टर झाले, दर सेमिस्टरला २२, म्हणून ८८. कुणाचं देणं नाही. आता बिनघोर चहा घ्या.

फोनवर हे जमत नाही, तुम्ही नुसते "हो हो" करता. म्हणून चार पानं लिहायला बसले.

हे क्रेडिट कुठं राहतं, तर सातबाऱ्यासारखं ऑनलाइन. सरकारनं २०२१ मध्ये अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स काढली. बँक म्हणतात, पण पैसा नाही तिथं. प्रत्येक पोराचा बारा अंकी अपार नंबर असतो, त्यावर कॉलेज क्रेडिट चढवतं आणि आपण डिजिलॉकरमध्ये बघायचं. सात वर्षं ते धरून राहतं. मधे कॉलेज बदललं तर नव्या जागेनं तिथून उचलून आपल्याकडे मांडून घ्यायचं. म्हणजे फेरफारच म्हणा. खरेदीखत झालं म्हणून वावर नावावर होत नाही, फेरफार मंजूर व्हावा लागतो, हे तुम्हाला काय सांगायचं? माझं खरेदीखत, म्हणजे नव्या कॉलेजातला प्रवेश, जूनमध्येच झालं होतं. फेरफारावर सही झाली गेल्या सोमवारी.

मधे काय घोळ झाला ते आईला अर्धवटच माहीत आहे. इथं नागपूरला प्रवेश घेतला, डिजिलॉकर उघडलं, तर क्रेडिट शून्य. दोन वर्षांचं शिकणं आणि समोर शून्य! कॉलेजनं यादी चढवताना बाबांचं नाव इंग्रजीत ‘जी’नं सुरू केलं होतं, आधारवर ते ‘डी’नं सुरू होतं. ज्ञानेश्वर लिहायला इंग्रजांना दोन अक्षरं सापडली आणि माझी दोन वर्षं मधल्या मधे लटकली. मी स्वतः सेतू केंद्रात तीन वर्षं बसून लोकांच्या सातबाऱ्यातल्या नावांचे कलम १५५ चे अर्ज भरले. धुरपताबाईचं द्रौपदाबाई झालेलं मीच निस्तरलं. आणि आपल्याच घरचं नाव बघायचं राहिलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

बाबा, तुम्ही त्यासाठी तीन वेळा एसटीनं तालुक्याला गेलात. पहिल्यांदा बाबू जेवायला गेला होता, दुसऱ्यांदा शिक्का असलेलं कपाट बंद. तिसऱ्यांदा तुम्ही अभ्यासक्रमाच्या ४६ पानांवर एकेक शिक्का मारून घेतला आणि पाऊस म्हणून सगळा गठ्ठा बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत घालून माझ्याकडे पाठवलात. इथल्या क्रेडिट तपासणाऱ्या कमिटीपुढं मी ती पिशवी तशीच ठेवली. मॅडमनी वरचं पान उचललं, तर त्याला गुलाबी भुकटी लागलेली, बियाण्याला चोळलेल्या औषधाची. त्यांनी बोटं रुमालाला पुसली आणि विचारलं, "घरी पऱ्हाटी आहे का?" त्यांचंही माहेर आपल्याकडचंच निघालं. त्यानं क्रेडिट वाढले नाहीत हो, पण पाणी तरी विचारलं.

८८ पैकी ८० मंजूर झाले. ८ गेले.

त्यातले दोन ऑफिस ऑटोमेशनचे. त्याचं मला दुःख नाही, सेतूत मी तेच करत होते. दोन फील्ड प्रोजेक्टचे, इथल्या नमुन्यात बसत नाहीत म्हणाले. उरलेले चार डेटा स्ट्रक्चर्सचे, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये माहिती मांडून ठेवायच्या रीती, आणि ते मात्र लागले मला. इथं त्या विषयात प्रात्यक्षिक सक्तीचं आहे. आमच्या तिथं लॅबमध्ये अर्धा वेळ लाइन नसायची, उरलेल्या वेळात चाबी नसायची. शेवटी सगळ्यांनी प्रॅक्टिकलची वही एकमेकांची बघून उतरवली. मीही उतरवली. कमिटीतल्या सरांनी एक छोटासा प्रोग्राम तिथंच लिहायला सांगितला, लिंक्ड लिस्ट, म्हणजे एकाला एक जोडलेली यादी, उलटी करायचा. मला नाही आला. वहीत तो होता, माझ्याच अक्षरात, खाली सहीसकट. म्हणून त्या चार क्रेडिटबद्दल मी भांडले नाही. या सेमिस्टरला तो विषय पुन्हा घेतला आहे, कारण त्याच्याशिवाय पुढचा अल्गोरिदमचा विषय देत नाहीत.

आता आईचा प्रश्न. "गणित घे नाहीतर कॉम्प्युटर घे, दोन्ही काहून?"

आई, तुला आठवतं, पीकविम्याच्या वेळी मी रात्री नऊपर्यंत सेतूत अडकायचे? एकदा ३०० नावांची यादी होती, त्यात कुणाचं नाव दोनदा आलंय का बघायचं होतं. त्या कामाला आमच्या मालकाच्या पुतण्यानं एक प्रोग्राम बसवला होता. यादी लहान असली की चालायचा, मोठी आली की मशीन गप्प. मला वाटायचं कॉम्प्युटर जुना आहे. नंतर बी.एस्सी.ला गणिताच्या सरांनी मोजायला शिकवलं तेव्हा कळलं. तो प्रोग्राम प्रत्येक नाव बाकी प्रत्येक नावाशी ताडून बघायचा. तीनशे नावांना ४४,८५० वेळा! यादी आधी अक्षरानुसार लावून घेतली तर दोन सारखी नावं शेजारी शेजारीच येतात. लावायला अडीचेक हजार वेळा ताडावं लागतं, मग एक फेरी मारली की काम संपलं. यादी दुप्पट झाली तर पहिल्या रीतीचं काम चौपट होतं, दुसऱ्या रीतीचं दुपटीहून थोडंसंच जास्त. मशीन तेच, माणूस तोच. मला त्या दिवशी हसू आलं आणि थोडा रागही, की तीन वर्षं मी मशीनला शिव्या दिल्या. प्रोग्राम लिहिणारे गावोगाव आहेत. तो कुठं अडेल हे आधी कागदावर सांगता यावं, एवढं मला हवं आहे, आणि ते गणिताशिवाय येत नाही.

तर दोन्ही मेजर, म्हणजे मुख्य विषय. याला डबल मेजर म्हणतात. यूजीसी म्हणजे विद्यापीठांचे नियम ठरवणारं सरकारी मंडळ, त्याच्या चौकटीत दुसऱ्या मेजरला एकूण क्रेडिटच्या किमान ४० टक्के लागतात. चार वर्षांचे एकूण १७६, त्याचे ४० टक्के म्हणजे ७१ धरा. इथल्या विभागानं दोन्ही बाजूंना तोच हिशेब लावला: गणित ७१, संगणक ७१. मंजूर झालेल्या ८० मध्ये ३४ भाषा, पर्यावरण, एनएसएस असले, गणिताचे ३२, संगणकाचे १४. म्हणजे अजून गणिताचे ३९ आणि संगणकाचे ५७. बेरीज ९६. चार सेमिस्टर गुणिले २२ म्हणजे ८८. बाबा, तुम्ही मनातल्या मनात वजाबाकी केलीच असेल: आठ कमी.

त्या आठाचं असं. चार डेटा स्ट्रक्चर्सचे, या सेमिस्टरला नेहमीच्या बावीसवर जादा. बाकीचे चार सरकारच्या ऑनलाइन शिकायच्या स्वयम पोर्टलवरून, आठ आठवड्यांचे दोन कोर्स, दोन-दोन क्रेडिटचे. एक आता, एक उन्हाळ्याआधी. शिकणं फुकट आहे, परीक्षेची फी भरावी लागते. मी वहीच्या मधल्या पानावर दोन रकाने आखलेत आणि रोज बघते, जसं तुम्ही खळ्यावर पोती मोजून पुन्हा मोजता. एकही क्रेडिट शिल्लक नाही, हेच भ्या वाटतं. एक विषय नापास झाले तर सगळी रांग मागं सरकते.

यात एक भांडण झालं, ते तुम्हाला आवडेल. डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स म्हणून विषय आहे, चार क्रेडिटचा, मी चौथ्या सेमिस्टरला केला. गणिताचे सर म्हणतात आमचा, संगणकाच्या मॅडम म्हणतात आमचा. मी म्हटलं, मग दोन्हीकडे धरा, माझे चार वाचतील. तर नाही. एक विषय एकाच रकान्यात. आपल्या धुऱ्यावरच्या आंब्यासारखं झालं. सावली आपल्या वावरात पडते म्हणून आपला, बुंधा त्यांच्या हद्दीत म्हणून त्यांचा, आणि आंबे शेवटी माकडांनी खाल्ले. मी अर्ज करून तो संगणकाकडे वळवून घेतला. तो धरून चौदा झालेत, नाहीतर दहाच होते. गणितात पुढचे विषय मला तरी त्यामानानं सोपे जातात. रिअल ॲनालिसिस सोडून. त्याबद्दल आत्ता काही बोलत नाही.

मुख्य गोष्ट मी लांबवते आहे. आईला कळलं असेल.

बसस्टँडवर मी तुम्हाला म्हटलं होतं, "एक वर्ष बघते बाबा, नाही झेपलं तर तीन वर्षांची डिग्री घेऊन परत येते." तुम्ही त्या भरवशावर मान हलवली होती. ते आता होत नाही. नियम असा आहे की ज्या संस्थेची डिग्री घ्यायची, तिथं निदान निम्मे क्रेडिट कमवावे लागतात. तीन वर्षांच्या डिग्रीला १३२ लागतात, निम्मे ६६. पुढच्या मेपर्यंत सगळं सुरळीत झालं, तर माझे १३२ भरतात, पण इथं कमावलेले त्यात फक्त ५२. चौदा कमी पडतात. चौथं वर्ष केलं तर १७६ पैकी ९६ इथले होतात, निम्म्याच्या वर. म्हणजे मधलं दार माझ्यासाठी बंद आहे. हा नियम तेव्हाही होता, मीच नीट वाचला नव्हता. सगळ्यांना फॉर्ममधल्या खालच्या ओळी वाचा म्हणून सांगणारी मी.

दुसरी वाट आहे: जुन्या कॉलेजात परत यायचं, तिथं तिसरं वर्ष करायचं, नुसत्या गणितावर डिग्री. कमिटीनंही ते विचारलं. मी नाही म्हणाले. तुम्हाला न विचारता नाही म्हणाले, हे खरं आहे. तुम्हाला राग आला तर येऊ द्या, फक्त फोन उचलत जा.

पैशाचं. मेसचे ३,२०० महिन्याला लागतात. एका क्लासमध्ये दहावीचे गणिताचे पेपर तपासते, त्याचे ४,००० मिळतात, कधी दहा तारखेला, कधी वीस. होस्टेलची फी तेवढी तुमच्याकडून लागेल, तीसुद्धा तूर निघाल्यावर. म्हणून पोळ्याच्या दिवशी बंटीनं जे सांगितलं ते ऐकून मला झोप नाही आली. बैलजोडी विकायची नाही. पाखऱ्याचा गुडघा दुखतो म्हणून विकायची असेल तर तो तुमचा हिशेब, पण माझ्या चौथ्या वर्षासाठी नाही. भाड्याच्या ट्रॅक्टरनं डवरणी होते का? तुम्हीच म्हणता, पात्या झडतात.

पोळ्याला यायला जमलं नाही, परीक्षा होती. दुसऱ्या दिवशी इथं मारबत निघाली. काळी आणि पिवळी, दोन्ही बघितल्या. गर्दीत सगळे ओरडतात, "इडा पीडा घेऊन जा गे मारबत!" कुणी महागाई म्हणत होतं, कुणी डेंग्यू. मी हळूच रिअल ॲनालिसिस म्हटलं.

आई, मावशीनं आणलेल्या स्थळाचं तू तिला काय सांगायचं ते सांग. पोरगी अजून २१ महिने कामात आहे म्हण. गुडघ्याला तेल रोज लावत जा, आठवड्यातून एकदा नाही. बाबांच्या डाव्या डोळ्याची तारीख दिवाळीनंतरची आहे, ती पुढं ढकलू नका, तेव्हा मी तिथं असेन.

एक काम राहिलं. मायग्रेशन सर्टिफिकेटची मूळ प्रत इथं ऑक्टोबरअखेर द्यायची आहे. ती ट्रंकेत, तुझ्या हिरव्या लुगड्याच्या घडीखाली, आजीच्या फोटोच्या मागं आहे. बाबा, एसटीत ड्रायव्हरजवळ देऊ नका. बंटीला सुट्टी लागली की त्याच्याजवळ द्या. आणि या वेळी साध्या प्लास्टिकच्या पिशवीत घाला, बियाण्याच्या नको, त्याचं औषध हाताला लागतं. बंटी, तू हात धुतल्याशिवाय डबा उघडू नकोस.

तुमची,
सुमी