चाचा, त्या दसऱ्याला तुम्ही ‘आज नाय’ म्हणालात

चाचा,

सलाम आणि नमस्कार.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवेल. तुमचं नाव कुठेही लिहायचं नाही ही तुमची अट मी पाळली आहे. पण पत्र सगळ्यांसमोर लिहायचं मी ठरवलं, कारण आमचा ट्रॅक्टर दुरुस्त केल्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, आणि तोंडावर आभार मानायला गेले की तुम्ही बिडी शोधायच्या निमित्ताने उठून जाता. कागदावरून तरी उठून जाता येणार नाही.

आमच्या मागच्या अंगणातला मॅसी फर्ग्युसन 1035 अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, 1987 साली जुना विकत घेतला. तेव्हा आंजर्ल्याच्या बाजूला ट्रॅक्टर म्हणजे नवलाईच होती. आमची खाचरं लहान, बांध जवळजवळ, त्यामुळे शेतीपेक्षा ट्रॉलीलाच काम जास्त. जांभ्याचे चिरे, कौलं, आंब्याच्या पेट्या, कोणाच्या घरचं लग्नाचं सामान, सगळं त्यातून गेलं. चैत्रात केळशीच्या महालक्ष्मीच्या यात्रेला अण्णा अख्खी वाडी ट्रॉलीत भरून न्यायचे आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, मडगार्डवर बसायच्या. अण्णा 2016 मध्ये गेले. यजमान जहाजावर, मी शाळेत, त्यामुळे ट्रॅक्टर पत्र्याच्या शेडमध्ये उभा राहिला तो राहिलाच.

मग 3 जून 2020 चं निसर्ग वादळ. आगरातल्या पोफळी काडीसारख्या मोडल्या. त्यातली एक शेडवर पडली आणि ट्रॅक्टरचा उभा सायलेन्सर मुळापासून तुटला. त्या दिवसांत छपराचं, दिव्याचं, पिण्याच्या पाण्याचं बघायचं होतं. तुटलेल्या सायलेन्सरच्या भोकाकडे कोणाचं लक्ष जाणार? आमच्याकडे पावसाळ्यात साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तीन पावसाळे त्या भोकातून पाणी आत गेलं.

भंगारवाला दोनदा येऊन वजनाचा भाव सांगून गेला. दुसऱ्या वेळी आई काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या ट्रॅक्टरच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. त्या संध्याकाळी मी हर्णैला मासळी आणायला गेले आणि लिलावाच्या गर्दीत कोणीतरी तुमच्याकडे बोट दाखवलं. ‘होडीचं इंजिन बघता, ट्रॅक्टरचं बघाल का?’ असं मी विचारलं. तुम्ही विचारलंत, ‘सिलिंडर किती?’ मी म्हटलं, तीन. ‘मग बघू. 1 जूनला होड्या वर येतील, तेव्हा येतो.’

मासेमारी बंदीचे दोन महिने, 1 जून ते 31 जुलै, ही तुमची वर्षातली एकुलती एक उसंत. 2023 ची ती उसंत तुम्ही आमच्या पडवीत घालवलीत. त्याची किंमत मला तेव्हा कळली नव्हती, म्हणून आता लिहिते आहे.

पहिल्या दिवशी तुम्ही पान्याला हातच लावला नाहीत. सायलेन्सरच्या भोकात बोट घालून बघितलंत, बोट हुंगलंत आणि म्हणालात, ‘एक सिलिंडर गेलाय, दोन ठीक असतील.’ इंजिन बंद होताना ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल त्यातच पाणी उतरलं असणार, बाकीचे दोन बंद राहिले असणार, हे तुम्ही मला मुठीची उघडझाप करून समजावलंत. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, काढल्यावर अगदी तसंच निघालं. तिसऱ्या सिलिंडरमध्ये पिस्टन गंजाने लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला, असा धरलेला की दोन्ही एकाच ओतकामातून काढल्यासारखे दिसत होते.

माझ्या पुतण्याने हातोडा उचलला होता. तुम्ही तो त्याच्या हातून काढून घेतलात आणि पिस्टनवर डिझेल आणि जुनं ऑइल मिसळून ओतलंत. पंधरा दिवस. रोज सकाळी शाळेत जायच्या आधी मी त्यात थोडं नवीन ओतायचं, एवढंच काम. आठव्या दिवशी मला वाटलं हे काही सुटत नाही. सोळाव्या दिवशी तुम्ही फणसाच्या लाकडाचा, सिलिंडरच्या मापात तासलेला ठोकळा घेऊन आलात, खालून कनेक्टिंग रॉडची कॅप सोडलीत आणि ठोकळ्यावर हलके ठोके द्यायला सुरुवात केलीत. पिस्टन केसभर हलला तेव्हा तुमच्या आधी मला दिसलं. मी ओरडले. तुम्ही म्हणालात, ‘लिव्हून ठेव, कितव्या दिवशी सुटला.’ लिहून ठेवलं आहे. पुढच्या कोणाला तरी उपयोगी पडेल.

मॅनिफोल्डचे गंजलेले स्टड तुम्ही तापवून त्यावर मेणबत्ती टेकवलीत आणि मेण आट्यांत ओढलं गेलं, तेही माझ्या वहीत आहे. डिझेलच्या टाकीत बारीक खडी आणि रॉकेल घालून ती आम्ही दोघांनी चादरीत धरून घुसळली, आतून तांबडा चिखल निघाला, तेही आहे. लायनर-पिस्टनचे तिन्ही सेट चिपळुणात मिळाले. चेन्नईच्या टॅफे कंपनीने 1960 च्या दशकापासून हीच जात बनवली, आणि त्यातलं सिम्पसनचं इंजिन इंग्लंडच्या पर्किन्स कंपनीच्या घराण्यातलं, त्यामुळे इतक्या वर्षांनीही माल मिळतो, हे दुकानदाराने सांगितलं. तुम्ही मात्र सेट नुसता घेऊ दिला नाहीत. रिंग आधी लायनरमध्ये घालून तिच्या तोंडातली फट फिलर गेजने मोजायला लावलीत, तिन्हींची.

1 ऑगस्टला होड्या समुद्रात गेल्या आणि तुम्ही बंदरावर. जाताना एकच सांगून गेलात: मी येईपर्यंत हेड बसवू नका.

चाचा, हे पत्र मुळात त्या एका वाक्यासाठी आहे.

आम्ही हेड बसवलं. दसरा 24 ऑक्टोबरला होता, यजमान सुट्टीवर आले होते, आईंना खंडेनवमीला ट्रॅक्टरची पूजा करून दसऱ्याला तो चालू झालेला बघायचा होता. दुकानातून फेसिंग करून, म्हणजे तळ सपाट घासून, आलेलं हेड, नवं गॅस्केट, सगळं समोर तयार. पुतण्या आणि मी एका दुपारी बसलो आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नट आवळत गेलो. जोर लावून, मनापासून, चुकीच्या क्रमाने.

दसऱ्याच्या सकाळी झेंडूचा हार घातलेला ट्रॅक्टर अंगणात, वाडीतली माणसं जमलेली, मुलं बांधावर चढलेली. तुम्ही स्वच्छ सदरा घालून आलात. आईंनी तुम्हाला सोनं दिलं, तुम्ही आपट्याचं पान खिशात ठेवलंत आणि सवयीने ऑइलची दांडी ओढून बघितलीत. मग फडक्याने पुसून पुन्हा ओढलीत. ऑइल खुणेच्या वर चढलं होतं आणि त्याचा रंग दुधाच्या चहासारखा झाला होता.

तुम्ही म्हणालात, ‘आज नाय.’

मी तेव्हा काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. इतकी माणसं बोलावली आहेत, एकदा नुसता चालू करून बंद करू, सणाच्या दिवशी अपशकुन नको. आणि शेवटी जे बोलायला नको होतं तेही: होडीवाल्याला ट्रॅक्टरचं काय कळणार. तुम्ही काही बोलला नाहीत. बॅटरीची वायर सोडून ती खिशात घातलीत, आईंना सलाम केलात आणि निघून गेलात. त्या दिवशी मला तुमचा फार राग आला होता.

राग उतरायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी तुम्हीच आलात, वायर घेऊन. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तुम्ही म्हणालात, ‘चौदाचा पाना आण.’ हेड उघडलं. गॅस्केट एका बाजूला नीट दबलंच नव्हतं, पाण्याच्या वाटेपासून सिलिंडरपर्यंत ओली रेघ दिसत होती. रेडिएटरमधलं पाणी रात्रभर त्या रेघेने सिलिंडरमध्ये आणि तिथून खाली ऑइलमध्ये उतरलं होतं. तुम्ही तळहातावर थोडं पाणी घेऊन वरून दुसरा तळवा दाबलात आणि म्हणालात, हवा दबते, पाणी दबत नाही. पाण्याने भरलेल्या सिलिंडरमध्ये पिस्टन वर आला असता तर रॉड वाकला असता, आणि तो वाकला नसता तरी पाणीमिश्रित ऑइलवर क्रँकची बेअरिंग गेली असती. पंधरा दिवस डिझेल ओतून वाचवलेलं इंजिन मी सणाच्या हौसेपायी अर्ध्या मिनिटात मोडायला निघाले होते. ते तुम्ही वाडीसमोर अपमान गिळून वाचवलंत.

त्या दिवशी तुम्ही मला ओरडला असतात तर मी विसरले असते. तुम्ही माझ्याच हातात टॉर्क रेंच दिलात. मधल्या नटापासून सुरू, मग आळीपाळीने बाहेर, आधी हलका फेरा, मग मध्यम, मग पुरा. मी प्रत्येक नटाचा आकडा मोठ्याने म्हणायचा आणि तुम्ही मान हलवायची. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हवरची, फट थंड इंजिनाला बारा थाऊ (इंचाचे बारा हजारांश), तेही माझ्याकडूनच लावून घेतलेत, आणि इंजिन पहिल्यांदा तापून थंड झालं की हेड पुन्हा आवळायचं, हे वहीत दोनदा लिहायला लावलंत.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. रेडिएटरमध्ये नवं पाणी भरायच्या आधी तुम्ही आगरातल्या विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलंत आणि थुंकून टाकलंत. मचूळ आहे, म्हणालात. आम्ही ते पाणी माडांना वर्षानुवर्षं घालतोय, कोणी चाखलं नव्हतं. मग वरच्या विहिरीवरून चार हंडे पाणी पुतण्याने आणलं, तेही चाखूनच तुम्ही ओतू दिलंत. खाऱ्या पाण्याने इंजिनं कशी आतून खाल्ली जातात हे ज्याने आयुष्यभर बघितलं, त्यालाच हे सुचणार.

तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कोणालाही बोलावलं नव्हतं. फिल्टरची एअर काढायला बसलो तर डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचा हातदांडा सैल, काहीच उचलेना. मला वाटलं पंप गेला. तुम्ही इंजिन थोडं फिरवलंत, आतला कॅम बाजूला झाला आणि दांडा जिवंत झाला. मग पंपाचे स्क्रू, मग नोझलच्या नळ्यांचे नट ढिले करून सेल्फ मारला. बुडबुडे आले, मग डिझेल आलं. नट आवळले. पुन्हा सेल्फ. पांढरा धूर निघाला, इंजिन दोनदा अडखळलं आणि चालू झालं. आई आतून हात पुसत आल्या आणि मडगार्डवर हात ठेवून उभ्या राहिल्या. इंजिनाच्या थरथरीने त्यांच्या बांगड्या वाजत होत्या. तुम्ही आवाज ऐकायचं निमित्त करून पाठ वळवलीत, ते मी बघितलं, चाचा.

मागची लिफ्ट उचलेना तेव्हा तुम्ही सरळ म्हणालात, ‘हे माझं नाय, होडीला हे नसतं.’ इतकं जाणणाऱ्या माणसाच्या तोंडून ते ऐकलं तेव्हा दसऱ्याचं माझं वाक्य मला पुन्हा बोचलं. कोडं सोडवलं आईंनी. ‘अण्णा आधी डाव्या हाताचा एक दांडा ओढायचे, मग नांगर उचलायचा.’ तो पीटीओचा, म्हणजे मागच्या अवजारांना ताकद देणाऱ्या शाफ्टचा, दांडा. लिफ्टचा पंप त्याच शाफ्टवर चालतो, दांडा लागल्याशिवाय तो फिरतच नाही. इतकी वर्षं मडगार्डवर बसलेल्या बाईने ते नुसतं बघून ठेवलं होतं. तुम्ही त्यांना ‘उस्ताद’ म्हणालात, आणि आई अजूनही शेजारणींना ते सांगतात.

बाकीचं तुम्हाला माहीतच आहे. रेड ऑक्साइड आणि लाल रंग पाऊस पूर्ण गेल्यावरच मारला, तुमच्या सांगण्याप्रमाणे. मागचे 12.4-28 चे टायर नवे घेतले. बॉनेटवरचा पोफळीचा पोचा मात्र तसाच ठेवला, पत्रा ठोकणाऱ्याला हात लावू दिला नाही. 2024 च्या पावसात लोखंडी चाकं लावून आमच्या खालच्या दोन खाचरांची चिखलणी याच ट्रॅक्टरने झाली, आणि शेजारच्या वाडीतल्या विधवा काकूंचीही. सायलेन्सरच्या तोंडावर तुम्ही ठेवलेली नारळाची करवंटी रोज संध्याकाळी मी स्वतः घालते. पुतण्या विसरला तर आई आठवण करतात.

दसऱ्याला मी जे बोलले त्याची माफी तुम्ही मला कधी मागू दिली नाहीत. इथे मागते. आणि ‘आज नाय’ म्हणण्यासाठी, ती वायर खिशात घालून जाण्यासाठी आणि पाचव्या दिवशी परत येण्यासाठी तुमचे आभार मानते.

पन्नास तास पुरे झाले म्हणून परवा ऑइल बदललं. जुनं काळं आहे, पण पाणी नाही. थोडं काचेच्या बाटलीत काढून पडवीत ठेवलंय. शुक्रवारी नमाजानंतर या बाजूला आलात तर उजेडात धरून बघा.

तुमची,
पोरी म्हणता ती