चाक सरळ फिरतंय एवढ्यावर जाऊ नका

संपादक, नमस्कार,

तुमच्या पुरवणीतला स्वस्तातल्या रोड बाईकच्या चाकांवरचा लेख दोनदा वाचला, विषय जिव्हाळ्याचा आहे म्हणून, आणि दोन्ही वेळा वाईट वाटलं. वजन किती ग्रॅम, रिम किती मिलिमीटर उंच, हबचा, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचा, आवाज कसा येतो, सगळं आहे त्यात, पण ते चाक बांधलंय कसं, म्हणजे स्पोक किती आणि किती सारखे ताणलेत, याबद्दल एक ओळ नाही. आणि स्वस्त चाक टिकणार की नाही हे तर तिथेच ठरतं, म्हणून लिहायला बसलो.

माझाच अनुभव सांगतो. बाईकबरोबर आलेल्या मागच्या चाकाचा पहिला स्पोक साधारण दोन हजार किलोमीटरला तुटला, हबजवळ जिथे तो वळतो बरोबर तिथे. बदलून घेतला. आठवड्यात दुसरा, मग तिसरा, आणि दर वेळी दुकानात आउट काढून, म्हणजे चाकाचा वाकडेपणा घालवून, चाक परत मिळायचं आणि मी समजायचो की स्पोकचा मालच हलका आहे. शेवटी एका जुन्या मेकॅनिकनी चाक मांडीवर घेतलं आणि एकेक स्पोक बोटाने छेडत गेले, एक टणटणीत वाजायचा आणि त्याच्या शेजारचा नुसता भद्द. मला म्हणाले, अरे हे चाक सरळ आहे पण बांधलेलं नाहीये. तीच रिम, तोच हब ठेवून त्यांनी सगळे स्पोक नवे घातले, सारखे ताणले, आणि त्यानंतर ते चाक मी वर्षानुवर्षं चालवलं, एक स्पोक तुटला नाही.

हे का होतं ते नीट समजून घ्यायला हवं. रोड बाईकचं चाक एका फेरीत साधारण २.१ मीटर जातं, म्हणजे हजार किलोमीटरला जवळपास पावणेपाच लाख फेऱ्या. प्रत्येक फेरीत जो स्पोक खाली येतो त्याचा ताण कमी होतो आणि वर गेला की परत भरतो. स्पोक पुरेसा ताणलेला असेल तर या चढउताराने त्याचं काही बिघडत नाही, पण ढिला असेल तर तो खाली आला की पार सैल पडतो, वळणाशी हलत राहतो, निपल, म्हणजे स्पोकला रिमशी धरून ठेवणारा छोटा नट, हळूहळू सुटत जातं, आणि एखादी तार पुन्हापुन्हा वाकवून तोडावी तसा तो एक दिवस तुटतो. म्हणजे खड्ड्यात आपटून नाही, थकून तुटतो.

आता यातली फसगत अशी की रिम मुळात थोडी वाकडी असली तरी काही स्पोक जास्त ओढून आणि काही ढिले ठेवून ती सरळ फिरवता येते. दुकानात चाक फिरवून बघितलं, कुठे हललं नाही, आपण खूश. पण ते सरळपण उसनं असतं, दोनतीनशे किलोमीटरमध्ये उतरतं. मशीनवर भराभर बांधलेल्या चाकांत हे फार दिसतं, आणि पहिल्याच राईडला स्पोकमधून टिंग टिंग आवाज आले तर समजायचं की निपल फिरवताना स्पोकला पीळ पडला होता आणि तो आत्ता सुटतोय. चांगला बांधणारा माणूस स्पोकच्या जोड्या हाताने दाबून हा पीळ आणि वळणाशी अडकलेला ताण आधीच काढून टाकतो, आणि मग परत आउट बघतो. याला वेळ लागतो, स्वस्त चाकात कापला जातो तो हाच वेळ.

मागच्या चाकाचं आणखी एक आहे. उजवीकडे कॅसेट, म्हणजे गिअरच्या दातेरी चकत्यांचा संच, असल्यामुळे त्या बाजूचे स्पोक जवळजवळ उभे असतात आणि त्यांना जास्त ताण लागतो, साधारण १०० ते १२० किलो, डावीकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास. त्यामुळे डावे उजव्यांपेक्षा ढिले लागले तर घाबरू नका, पण एकाच बाजूचे स्पोक आपसात सारखे हवेत, वीस टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. ताण मोजायचं मीटर नसलं तरी छेडून ऐकलं की कान सांगतो, खरंच सांगतो, एकदा करून बघा. आणि जास्त ताणलं की जास्त मजबूत असंही नाही हं, रिमला झेपेल त्याच्यावर गेलं की निपलच्या भोकाभोवती बारीक चिरा पडतात.

स्पोक किती यावर लेखात २० आणि २४ चं कौतुक आहे. माझं मत सरळ आहे, स्वस्त चाक घ्यायचं तर ३२ च घ्या, निदान मागे तरी. ३२ मधला एक तुटला तर रिम ब्रेक सैल करायचा छोटा लिव्हर जरा उघडून हळूहळू घरी पोचता येतं. २० मधला तुटला की चाक लगेच ब्रेकला नाहीतर फ्रेमला घासायला लागतं, आणि मग बाईक खांद्यावर. त्यात आणखी सरळ, वळण नसलेले किंवा चपटे कंपनीचे खास स्पोक असले तर ते मिळेपर्यंत बाईक भिंतीला टेकून राहते. शंभरेक ग्रॅम वाचवण्यासाठी हे सगळं कशाला.

हबचं थोडक्यात लिहितो. एक्सल बोटांनी फिरवा, दाणेदार लागलं तर कोन, म्हणजे बेअरिंगच्या छर्ऱ्यांवर बसणारा शंकूसारखा नट, जास्त आवळलाय किंवा ग्रीस नाहीये, दोन्ही सुधारता येतं, पण तसंच चालवलं तर छर्रे आणि कोन खराब होतात. रिम ब्रेक असेल तर रिमच्या जोडावरून नख फिरवा, पायरी लागली की ब्रेक धक्के देणार. झीज दाखवणारी खाच किंवा बारीक खळगा बऱ्याच रिमवर असतो, तो दिसेनासा झाला की रिम बदला, पातळ झालेली रिम टायरच्या हवेने फुटू शकते.

तर माझी विनंती अशी की पुढच्या वेळी चाकांबद्दल लिहाल तेव्हा नवीन चाकाचा फोटो टाकून थांबू नका, दोनतीन हजार किलोमीटर चालवा, सुरुवातीला आणि शेवटी प्रत्येक स्पोकचा ताण मोजा आणि दोन्ही आकडे छापा. आणि कंपन्यांना एवढं विचारा की चाकाला किती वजनाचा माणूस चालतो आणि स्पोकची लांबी किती, कारण मागच्या चाकाला डावे-उजवे स्पोक बऱ्याचदा वेगळ्या लांबीचे लागतात, आणि ते लिहिलेलं नसलं की एका स्पोकसाठी चाक खोलून मोजत बसावं लागतं.

आपला,
एक नियमित वाचक