कच्च्या कैद्यांचं उमेदवाराला कोण विचारणार?

संपादक साहेब, नमस्कार.

निवडणूक आली की रस्ते, पाणी, कर्जमाफी सगळ्यावर चर्चा होते, पण गुन्हा सिद्ध झालेला नसताना जेलमध्ये पडून असलेल्या माणसांबद्दल एकही उमेदवार तोंड उघडत नाही, कारण आपण विचारतच नाही. २०२२ च्या शेवटची सरकारी आकडेवारी बघा. देशात ५ लाख ७३ हजार कैदी, त्यातले ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल लागायचा असलेले, चारातले तीन जण. आणि जेलमध्ये जागा आहे एकूण ४ लाख ३६ हजारांची. या कच्च्या कैद्यांमध्ये साधारण दोन तृतीयांश लोक दलित, आदिवासी नाहीतर ओबीसी आहेत.

यावर लगेच उत्तर येतं की हे कोर्टाचं काम, मतदाराचा काय संबंध. अहो पण कायदा कोण करतं? २६/११ नंतर डिसेंबर २००८ मध्ये यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा इतका कडक केला की जामीन मिळणंच मुश्किल, आणि ती दुरुस्ती संसदेत दोन-तीन दिवसांत पास झाली. आपल्याकडे महाराष्ट्रात संघटित गुन्हेगारीविरुद्धचा मकोका तर १९९९ पासून आहे. सरकारं बदलली, पक्ष बदलले, हे कायदे तसेच राहिले, कारण कडक कायदा म्हटलं की आपण टाळ्या वाजवतो. न्यायाधीशांच्या जागा रिकाम्या, कैद्याला तारखेला न्यायला पोलीस पार्टी मिळत नाही, ह्या सगळ्याचे पैसे शेवटी आपण निवडून दिलेली माणसंच मंजूर करतात ना. मी त्या पक्षाला मत दिलं नव्हतं असं म्हणून सुटता येत नाही, कारण ज्याला दिलं त्यालाही आपण हे विचारलं नव्हतं.

आणि मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे की आत असलेल्याला मतच देता येत नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ६२(५) तसं सांगतं, शिक्षा झालेला असो की कच्चा कैदी. कच्च्या कैद्याला निवडणूक मात्र जेलमधून लढवता येते, २०२४ च्या लोकसभेला दोन जण तशी जिंकले सुद्धा. त्याच गुन्ह्यातला दुसरा आरोपी, ज्याच्याकडे पैसे आहेत, तो जामिनावर बाहेर येऊन आरामात मतदान करतो. म्हणजे ज्याला या व्यवस्थेचा सगळ्यात जास्त त्रास होतो त्याचाच आवाज काढून घेतलाय, मग त्याच्या वतीने बोलायचं कोणी? बाहेर असलेल्या आपणच.

आपल्याला हे जमत नाही असं नाही. आणीबाणीत लाखाच्या वर माणसं आत टाकली आणि मार्च १९७७ ला मतदारांनी त्याचा हिशोब मागितला. पण तेव्हा आत नेते होते, संपादक होते, प्राध्यापक होते, लोकांना त्यांची नावं माहीत होती. आज आत आहे तो नाक्यावरचा मजूर, नाहीतर पारध्याचा पोरगा, त्याचं नाव कोणाला माहीत नाही.

यात कितीतरी जण असे की जामीन मंजूर झालाय पण बाहेर येता येत नाही. कॅश बेल भरायला पैसे नाहीत, आणि जामीनदार आणायचा तर त्याचा सातबारा किंवा पगाराची स्लिप लागते, ती ज्याच्याकडे आहे असा माणूस त्यांच्या ओळखीत कुठून असणार! केंद्र सरकारने २०२३ मध्ये गरीब कैद्यांसाठी योजना काढली, त्यात कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी मदत मिळू शकते, सुरुवातीला ती ४० हजारांपर्यंत ठेवली होती. नव्या फौजदारी कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला जामिनावर सोडायचं आहे (फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून). कागदावर सोय आहे, पण तिचा पाठपुरावा करायला आमदार-खासदारांवर आपलं प्रेशर पाहिजे.

म्हणून वाचकांना हात जोडून विनंती आहे, पुढच्या वेळी उमेदवार दारात आला की त्याला एवढंच विचारा, आपल्या जिल्ह्यात त्या योजनेतून आतापर्यंत किती जणांचा जामीन भरला गेला, आणि आकडा माहीत नसेल तर कधीपर्यंत आणून देणार.

– एक मतदार, सोलापूर