ताई, त्या आठ पिनांसाठी आभार

प्रिय ताई,

परवा रात्री चाळीस मिनिटांचा धडा एका दमात रेंडर झाला, म्हणजे त्याचा अंतिम व्हिडिओ तयार झाला. मशीन मध्येच बंद पडलं नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली नाही. फाइल तयार झाल्याचं दिसलं तेव्हा पहिली आठवण तुमचीच आली. फोनवर मी आभार मानले होते, पण ते दोन वाक्यांत उरकले आणि तेव्हापासून मनात काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतंय. म्हणून हे पत्र. ते सर्वांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुम्ही मला जे समजावलंत ते स्वतःचा कॉम्प्युटर स्वतः जोडू पाहणाऱ्या कुणालाही लागणारं आहे.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगते. ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी मी धड्यांचे व्हिडिओ करते. एका कोपऱ्यात खुणांच्या भाषेत समजावणाऱ्या बाई, खाली मजकूर, मागे आकृत्या. जुन्या मशीनवर एक धडा तयार व्हायला रात्र जायची. म्हणून साठवलेल्या पैशांतून नवा मदरबोर्ड (सगळे भाग जिच्यावर जोडतात ती मुख्य पाटी) आणि रायझन ९ ७९५०एक्स प्रोसेसर घेतला. बाकी सगळं जुनंच ठेवलं, सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा म्हणजे पॉवर सप्लायसुद्धा. त्यावर ५५० वॅट लिहिलेलं होतं. प्रोसेसरचे १७०, ग्राफिक्स कार्डचे १५०, उरलेल्या किरकोळ गोष्टींचे पन्नासेक, अशी बेरीज मी वहीत मांडली आणि निर्धास्त झाले.

मशीन सुरू झालं. लिहिणं, पाहणं, कापाकापी, सगळं व्यवस्थित. रेंडर लावला की मात्र दहा-बारा मिनिटांत पडदा काळा. चार दिवस मी रॅमच्या कांड्या बदलून पाहिल्या, प्रोसेसरवरची पेस्ट पुसून नव्याने लावली, विंडोज पुन्हा टाकलं. मुलांची परीक्षा जवळ आली होती आणि सहा धडे अडकले होते. त्या अवस्थेत एका सहकाऱ्याने तुमचा नंबर दिला. तुमची-माझी ओळख नव्हती. तरी तुम्ही पहिल्याच फोनवर पाऊण तास दिलात.

मला वाटलं होतं, तुम्ही विचाराल किती वॅटचा आहे. तुम्ही विचारलंत, "बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात काय दिसतंय? फोटो पाठव." त्या कोपऱ्यात शेजारी शेजारी दोन सॉकेट होती, एक आठ पिनांचं आणि एक चार पिनांचं. जुन्या पॉवर सप्लायला प्रोसेसरसाठी चार पिनांचा एकच प्लग होता. तो आठच्या सॉकेटच्या अर्ध्या भागात बसला, म्हणून मी तसाच बसवला होता आणि मशीन चालू झाल्यामुळे पुढे शंकाही घेतली नव्हती.

तुम्ही मला मुख्य बटण बंद करून, वायर काढून त्या प्लगला हात लावायला सांगितलंत. तो इतका तापला होता की मी हात झटकन मागे घेतला. पांढऱ्या प्लॅस्टिकवर एका बाजूने पिवळट झाक आली होती.

मग तुम्ही मला गणित करायला लावलंत, आणि ताई, याचेच आभार मला सर्वांत जास्त मानायचे आहेत. तुम्ही सरळ एखादं मॉडेल सांगून मोकळ्या होऊ शकला असतात. तुम्ही म्हणालात, "१७० हा आकडा प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर निवडायला धर. हा प्रोसेसर भर कामात सॉकेटमधून २३० वॅटपर्यंत ओढतो. आता २३० ला १२ ने भाग." साधारण १९ अँपिअर. "चार पिनांच्या प्लगात १२ व्होल्टच्या पिना किती? दोन. उरलेल्या दोन परतीच्या, प्रवाह माघारी नेणाऱ्या. म्हणजे एका पिनेवर किती?" साडेनऊच्या वर. "आणि आठ पिनांच्या प्लगात चार पिना १२ व्होल्टच्या. मग?" पावणेपाच. "प्रवाह निम्मा झाला तर उष्णता किती होते?" मी म्हटलं, निम्मी. तुम्ही थांबून सांगितलंत की उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे निम्म्या प्रवाहात प्रत्येक पिनेची उष्णता चौथ्या हिश्शावर येते. त्या क्षणी मला माझा प्लग का तापतो ते कळलं. शाळेत मी हे सूत्र पाठ केलं होतं. ते बोटाला चटका देऊन जाईल असं कधी वाटलं नव्हतं.

या पिनांमधून प्रत्येकी ७ अँपिअर धरून चालायचं, हा तुमचा सावध आडाखा मी लिहून ठेवला आहे. चार पिनांच्या प्लगातून त्या हिशोबाने १६८ वॅट, आठच्या प्लगातून ३३६ वॅट. चार पिनांचा प्लग वाईट नसतो हेही तुम्ही आवर्जून सांगितलंत. कोर आय५-१२४०० सारखा प्रोसेसर जास्तीत जास्त ११७ वॅट घेतो, रायझन ५ ७६०० तर ८८ वॅटच. ज्या बोर्डावर चारचंच सॉकेट आहे तिथे असे प्रोसेसर त्यावर निवांत चालतात. पण कोर आय९-१३९००के २५३ वॅटपर्यंत जातो. त्याला आणि माझ्या प्रोसेसरला अर्धा प्लग पुरत नाही.

मी विचारलं होतं, एवढा मोठा २४ पिनांचा प्लग बोर्डाला लागलेलाच आहे, मग प्रोसेसरला वेगळी केबल कशाला? तुमचं उत्तर मला फार आवडलं. त्या चोवीस पिनांत १२ व्होल्टच्या अवघ्या दोन आहेत. पूर्वी प्रोसेसरची वीज मुख्यतः ५ व्होल्टच्या तारांवरून यायची. भूक वाढत गेली तसा त्या तारांवरचा प्रवाह फार होऊ लागला. ६० वॅट ५ व्होल्टवर न्यायचे तर १२ अँपिअर लागतात, १२ व्होल्टवर पाचच. म्हणून २००० साली पेंटियम ४ आला तेव्हा त्याच्यासोबत चार पिनांचा वेगळा १२ व्होल्टचा प्लग आला. आठ पिनांचा मूळचा सर्व्हरमधला. तिथून तो घरच्या मशीनमध्ये उतरला, त्याला आजही ईपीएस म्हणतात. प्रोसेसरशेजारची ती चौकोनी ठोकळ्यांची रांग या १२ व्होल्टचे सव्वा व्होल्टच्या आसपास करते आणि मग प्रोसेसर दीड-दोनशे अँपिअर ओढतो. हा आकडा ऐकून मी तुम्हाला पुन्हा विचारलं होतं, बरोबर ऐकलं ना म्हणून.

आता त्या प्रसंगाबद्दल. मी उत्साहाने म्हटलं, "ताई, या जुन्या पॉवर सप्लायला आठ पिनांचा आणखी एक प्लग आहे, ग्राफिक्स कार्डाचा. तो इथे लावते." तुम्ही इतक्या मोठ्याने "थांब!" म्हणालात की शेजारच्या खोलीतून आई डोकावली. मी तोवर प्लग सॉकेटवर टेकवला होता. तो नीट जात नव्हता आणि मी थोडा जोर लावणार होते.

दोन्ही प्लग आठ पिनांचे, एकाच मापाचे, लांबून जुळ्या भावंडांसारखे. पण आतली मांडणी उलटी. प्रोसेसरच्या प्लगात खटक्याच्या बाजूची रांग १२ व्होल्टची आणि पलीकडची परतीची. ग्राफिक्सच्या प्लगात खटक्याच्या बाजूला परतीच्या तारा आणि १२ व्होल्टच्या तीनच, त्याही पलीकडच्या रांगेत. जबरदस्तीने बसवला असता तर १२ व्होल्ट थेट परतीच्या मार्गाला भिडले असते. चांगला पॉवर सप्लाय तिथल्या तिथे बंद पडतो, पण माझ्या जुन्याने काय केलं असतं कोण जाणे. असं होऊ नये म्हणून प्लगाची काही घरं चौकोनी आणि काही कोपरे कापलेली असतात. तुम्ही मला भिंगातून पाहायला सांगितलंत आणि ती घरं खरंच जुळत नव्हती. ओळखायची सोपी खूण दिलीत तीही इथे लिहिते: प्रोसेसरचा प्लग दुभंगला तर चार आणि चार होतो, ग्राफिक्सचा सहा आणि दोन. बहुतेक प्लगांवर सीपीयू किंवा पीसीआय-ई असं कोरलेलंही असतं, पण काळ्यावर काळं, दिव्याखाली धरल्याशिवाय दिसत नाही.

त्याच रात्री तुम्ही जुन्या पॉवर सप्लायचं लेबल वाचून दाखवायला सांगितलंत. ५५० वॅट मोठ्या अक्षरांत. खाली बारीक तक्त्यात १२ व्होल्टपुढे ३० अँपिअर, म्हणजे ३६० वॅट. उरलेले वॅट ५ आणि ३.३ व्होल्टच्या वाट्याला, जे आजच्या मशीनला फारसे लागत नाहीत. प्रोसेसर २३०, कार्ड १५०, एवढ्यातच ३६० संपले. माझी वहीतली बेरीज तिथेच कोसळली.

नवा घ्यायचा ठरलं तेव्हा तुम्ही घालून दिलेला क्रम मी पाळला. आधी बोर्डाचं मॅन्युअल उघडून प्रोसेसरच्या वीजेची सॉकेट मोजली. मग पॉवर सप्लायच्या माहितीत केबलींचा तक्ता शोधला, त्यात ४+४ च्या केबली किती आहेत ते पाहिलं. त्यानंतर १२ व्होल्टचे अँपिअर, आणि शेवटी वॅट. ८० प्लसच्या सोनेरी-चंदेरी खुणेवर मी बराच वेळ अडकले होते. ती खूण विजेच्या बचतीबद्दल सांगते, केबलींबद्दल अवाक्षर नाही, हे तुम्ही एका वाक्यात मिटवलंत.

दुसऱ्या सॉकेटवरून आपला जो संवाद झाला तो मला जसाच्या तसा आठवतो. मला वाटत होतं, ८ आणि ४ दोन्ही भरली नाहीत तर बोर्ड जळेल. तुम्ही म्हणालात, "२३० वॅटला आठ पिना पुरतात. दुसरं सॉकेट प्रोसेसरला कारखान्यातल्या वेगापलीकडे ताणणाऱ्यांसाठी असतं. मॅन्युअलने दोन्ही लावा म्हटलं असेल तर लाव, नाहीतर रिकामं राहिलं तरी चालेल." मग जरा थांबून, "पण नवा घेतेच आहेस तर दोन केबलींचा घे." मी तोच घेतला. मला तुमचा हा सल्ला आजही पटतो, कारण पुढे बोर्ड बदलला तरी पॉवर सप्लाय तोच राहणार आहे.

त्याआधी मी एक चूक करणार होते, ती तुम्ही टाळलीत. एका मित्राकडे दुसऱ्या कंपनीच्या मॉड्युलर, म्हणजे केबली सुट्ट्या काढता येणाऱ्या, पॉवर सप्लायची प्रोसेसरची केबल शिल्लक होती. मी म्हटलं, एकाच केबलीचा पॉवर सप्लाय घेते आणि दुसरी ही लावते. बोर्डाकडचं टोक सगळ्यांचं सारखंच असतं ना? "ते टोक सारखं. पॉवर सप्लायकडच्या टोकाला कसलंच प्रमाण नाही. ज्याची त्याची मांडणी वेगळी. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही वेगळी असू शकते. प्लग बसेल आणि बोर्ड जाईल." मित्राची केबल मी त्याच दिवशी परत केली. मोलेक्सच्या जुन्या प्लगांवरून आठ पिना बनवणारी जोडणीही तुम्ही नको म्हणालात. त्या प्लगात १२ व्होल्टची पिन एकच असते, एवढं ऐकल्यावर बाकीचं मला स्वतःलाच कळलं.

लांबीचं तर माझ्या डोक्यातही आलं नसतं. माझ्या कॅबिनेटमध्ये पॉवर सप्लाय तळाला आणि ते सॉकेट अगदी वर. तुम्ही सुतळी घ्यायला लावलीत. तळापासून बोर्डाच्या मागून वळत वरच्या छिद्रातून पुढे, सगळ्या वळणांसकट ६१ सेंटिमीटर भरली. मी आधी पसंत केलेल्या पॉवर सप्लायची केबल ५५ ची होती. घेतला त्याची ७० ची आहे.

जोडताना तुमचा फोन चालूच होता. वरचा पंखा लावायच्या आधी केबल बसवून घे, नंतर बोटं जाणार नाहीत, हे तुम्ही सांगितलं नसतं तर मला सगळं पुन्हा उघडावं लागलं असतं. चार-चारचे दोन तुकडे एकमेकांत सरकवले, खटका एका बाजूला आणला, टक् आवाज येईपर्यंत दाबलं आणि मग हलकेच ओढून पाहिलं. दुसऱ्या केबलीचा अर्धाच भाग चारच्या सॉकेटात गेला आणि उरलेला अर्धा लोंबकळत राहिला तेव्हा मी घाबरून फोटो पाठवला होता. "तो तसाच राहतो. मागे बांधून टाक," एवढंच तुमचं उत्तर.

तुम्ही शेवटी एक काम सांगितलं होतं. तासभर रेंडर चालवायचा, मशीन बंद करायचं, प्लगला हात लावायचा आणि काय वाटतं ते कळवायचं. परवाच्या धड्यानंतर आणखी दोन धडे लागोपाठ लावले, दीड तास झाला. मग बंद करून हात लावला. कोमट आहे, ताई. नुसता कोमट. सहाही धडे मुलांपर्यंत पोचले आहेत आणि अर्धा प्लग तुम्ही सांगितल्याप्रमाणे मागे बांधून ठेवला आहे.

तुमचीच,
खुणांच्या भाषेतले धडे करणारी