जुने चमचे मोडीत घालण्याआधी एकदा वाजवून बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दसरा-दिवाळीची आवराआवर सुरू झाली की आमच्या विश्रामबागेत भंगारवाल्याचा गाडा दिवसातून दोनतीनदा फिरतो, आणि घराघरातनं एक पिशवी हमखास बाहेर येते ती जुन्या काट्याचमच्यांची. वाकलेले, सेट मोडलेले, लग्नातल्या आहेरातले उरलेसुरले, सगळे किलोच्या भावानं जातात. आणि मग त्याच घरातली माणसं गिफ्टच्या दुकानातनं पातळ नळ्यांची विंड चाइम, म्हणजे दारात टांगायची वाऱ्यावर वाजणारी झुंबर, घेऊन येतात, वास्तूला चांगली असते म्हणून, आणि दोन पावसाळ्यात तिची दोरी कुजून नळ्या खाली. मला हे खरंच बघवत नाही. घरातल्या चमच्यांची विंड चाइम तिच्यापेक्षा चांगली वाजते, टिकते, आणि ती आपली असते, एवढंच सांगायला हे पत्र लिहितेय.

आधी धातू ओळखा. चुंबक लावून बघा, चिकटत नसेल तर बहुतेक ते १८/८ स्टील, म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलचं, ते पावसाला दाद देत नाही. चुंबक घट्ट चिकटला तर त्यावर तांबूस डाग लवकर पडतात, सुऱ्यांची पाती बहुतेक अशीच असतात, ती बाहेर टांगू नका. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसतेच, तांबं, निकेल आणि जस्त असतं, ते वाजतं छान पण काळवंडतं. खऱ्या चांदीची पळी किंवा चमचा असेल तर कृपा करून त्याला भोक पाडू नका, हवेतल्या गंधकानं ती काळी पडणार आणि मोलही जाणार. काशाची वाटी सापडली तर मात्र सोडू नका. काशात तांब्याबरोबर कथील भरपूर असतं, म्हणून तर देवळातली घंटा इतकी लांब घुमते, पण ते ठिसूळ असतं, हातोडी लागली तर तडकतं, तेव्हा भोक न पाडता दोरीच्या जाळीत बसवून टांगा.

आपल्याकडं भांड्यांवर नाव घालायची पद्धत आहे ना, चमच्याच्या दांड्यावरसुद्धा बारीक टिंबाटिंबांनी नाव आणि खाली तारीख असते, कुणा मावशीनं नाहीतर आत्यानं दिलेलं. जवळ धरून बघितलं तर कुठं मशिनचा हात हललाय तेही दिसतं. २०१९ च्या महापुरानंतर सांगलीच्या गावभागातनं अशी नावाची भांडी चिखलासकट पोत्यापोत्यानं भंगारात गेली, तेव्हा कुणाला दोष द्यायची ती वेळच नव्हती. पण आता तशी घाई नाही. चमचा चपटा करताना नावाची बाजू जाड कापडावर ठेवा आणि उलट्या बाजूनं लाकडी हातोडीनं ठोका, नाव तसंच राहतं.

भोक कुठं पाडायचं यावर सगळा आवाज आहे, आणि इथंच लोक चुकतात. दांडा चिमटीत हलका धरायचा, टोकाशी टिचकी मारायची आणि चिमूट सरकवत जायची, एका जागी आवाज एकदम लांबतो, तिथं धातू जवळजवळ हलतच नाही म्हणून आपल्या चिमटीनं आवाज दबत नाही, भोक तिथं. सारख्या जाडीची नळी असेल तर ही जागा टोकापासून लांबीच्या २२.४ टक्क्यांवर येते, म्हणजे ३० सेंमीच्या नळीला साधारण पावणेसात सेंमीवर. आधी पंचनं खूण करा, चमचा व्हाइसमध्ये पक्का आवळा (हातात धरून ड्रिल मारू नका, चमचा गर्रकन फिरून बोट कापतो), ३ मिमीचं बिट, तेलाचा थेंब आणि ड्रिल हळू, कारण बिट नुसतं घासत राहिलं की स्टील आणखी कडक होतं. कडा कानसनं मारा. टांगायला सुतळी नको, नायलॉनची तंगूस घ्या, तीही उन्हानं कडक पडते म्हणून दरवर्षी बदला. चमच्यांवर आपटणारा मधला ठोका लाकडाचा ठेवलात तर आवाज गोड येतो.

आता सुराचं. शेजारच्या मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, आपल्या भागाला सूर शिकवायची गरज नाही. तारेवर अर्ध्यावर बोट ठेवलं की वरचा षड्ज, म्हणजे एक सप्तक वरचा सा. पण धातूच्या पट्टीचं गणित वेगळंय, जाडी तीच ठेवून लांबी निम्मी केली तर सूर एक नव्हे, दोन सप्तकं वर जातो, वरचा षड्ज हवा असेल तर १४ सेंमीची पट्टी १० वर आणली की झालं. टोक घासलं की सूर चढतो, मधे घासून पातळ केलं की उतरतो. मोबाईलवर तंबोऱ्याचं ॲप लावून भूप रागाचे सा रे ग प ध जुळवा, वारा कुठलाही दोन सूर एकत्र वाजवू दे, कानाला खटकत नाही. चमच्यांच्या जाड्या वेगवेगळ्या असतात त्यामुळं हे काम चिकाटीचं आहे, पण करण्यासारखं आहे.

आणि शेजाऱ्यांचा विचार करा. आषाढातलं वारं सुटलं की रात्रभर किणकिण चालते, लहान बाळ असतं, परीक्षेची पोरं असतात, रात्री ठोक्याखाली लटकणारा, वारा धरणारा पंखा वर गुंडाळून ठेवायचा.

माझी खरी विनंती शाळांना आहे. कार्यानुभवाच्या तासाला त्याच त्या कागदाच्या फुलांऐवजी पोरांना घरनं एकेक जुना चमचा आणायला सांगा, चुंबक, लांबी, सूर सगळं एका तासात हातानं कळेल, भोकं पाडायचं काम तेवढं मोठ्यांनी करावं. आपणही रविवारच्या पुरवणीत याची कृती फोटोसकट छापावी, आवराआवर संपायच्या आत छापलीत तर बऱ्याच पिशव्या गाड्यावर जाण्याआधी थांबतील.

आपली एक वाचक,
विश्रामबाग, सांगली