गिब्सनचा दुसरा फेरा

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. विंग कमांडर गाय गिब्सनला मी उगाच डोक्यावर घेतो, असे तू लिहिलेस, म्हणून माझे म्हणणे एकदा नीट मांडतो.

१६ मे १९४३ च्या रात्री इंग्लंडमधील स्कॅम्प्टन तळावरून ६१७ स्क्वाड्रनची १९ लँकॅस्टर विमाने पश्चिम जर्मनीतील धरणे फोडायला निघाली, तेव्हा त्यांचा हा नेता अवघा २४ वर्षांचा होता. (जन्म आपल्या सिमल्याचा!) धरणापुढे पाणसुरुंग अडवणारी जाळी असल्यामुळे अभियंते बार्न्स वॉलिस यांनी पिंपाच्या आकाराचा बॉम्ब योजला होता, जो मिनिटाला ५०० वेळा उलटा फिरत, चपट्या दगडासारखा पाण्यावर उड्या मारत जाळ्या ओलांडायचा आणि भिंतीलगत बुडून फुटायचा. तो टाकायचा होता नेमक्या ६० फुटांवरून. इतक्या खाली उंचीमापकाचा भरवसा नसतो, म्हणून विमानाच्या पोटाला दोन दिवे बसवले. त्यांचे झोत पाण्यावर एकमेकांना टेकेपर्यंत नॅव्हिगेटर खाली पाहत वैमानिकाला सूचना देत राहायचा. म्हणजे अंधाराचा आडोसा सोडून, दिवे पेटवून, तोफांसमोर सरळ रेषेत जायचे.

म्योने धरणावर पहिला गिब्सनच गेला. त्याचा बॉम्ब भिंतीच्या अलीकडेच फुटला. पाठोपाठ त्याच्या तुकडीतल्या हॉपगुडचे विमान तोफांनी टिपले आणि ते कोसळले. गिब्सनचा बॉम्ब तर संपला होता. दूर घिरट्या घालत त्याने नुसते हुकूम सोडले असते, तरी कुणी बोट दाखवले नसते. पण मार्टिनची पाळी आली, तेव्हा तोफांचा मारा वाटला जावा म्हणून तो त्याच्या शेजारून पुन्हा त्याच तोफांवर गेला. पाचव्या, मॉल्टबीच्या बॉम्बनंतर धरण फुटले. मला भुरळ पडते ती या फेऱ्याची, या हल्ल्याबद्दल त्याला मिळालेल्या व्हिक्टोरिया क्रॉस या शौर्यपदकाची नव्हे. एरवी हाताखालच्या अनेकांना तो उर्मटच वाटे.

पुराबद्दलचा तुझा आक्षेप मात्र मी खोडून काढू शकत नाही. सुमारे १,६०० माणसे बुडाली आणि त्यांत नेहाइमच्या छावणीत सक्तीच्या मजुरीला जुंपलेल्या कितीतरी युक्रेनी स्त्रिया होत्या, ज्यांचा हिटलरच्या युद्धाशी वेठबिगारीपलीकडे काही संबंध नव्हता. परतीची वाट पाहणाऱ्या स्कॅम्प्टनलाही आठ विमाने आलीच नाहीत. ५३ जण गेले. म्योनेची भिंत तर त्याच वर्षी पुन्हा उभी राहिली.

१९ सप्टेंबर १९४४ ला हॉलंडमध्ये स्टेनबर्गनजवळ गिब्सनचे मॉस्किटो विमान कोसळले. तिथेच त्याला आणि त्याच्या नॅव्हिगेटरला पुरले आहे.

तुझा,
अनंत