वर्गाचा फोटो घेऊन ये

औसा, जि. लातूर
ऑक्टोबर २०२५

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

३० सप्टेंबरला रजा न मिळाल्यामुळे तुला किल्लारीला येता आले नाही, याची चुटपुट सगळ्यांनाच लागली. तेथे कोण आले, कोणाचे काय चालले आहे आणि काय ठरले, हे फोनवर घाईत सांगण्यापेक्षा निवांत लिहावे, असे मला वाटले.

सकाळी जुन्या गावाजवळच्या स्मृतिस्तंभापाशी १९९३ च्या भूकंपात गेलेल्यांना दरवर्षीप्रमाणे श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला. पोलिसांनी हवेत फैरी झाडून मानवंदना दिली, पुष्पचक्रे वाहिली गेली आणि थोड्या वेळाने गाड्या निघून गेल्या. आपल्या वर्गातले वीसएक जण मात्र तिथेच थांबलो आणि नंतर एकाच्या शेतातल्या आखाड्यावर भाकरी खायला गेलो.

आपला मॉनिटर आता लातूरला ज्युनियर कॉलेजात गणित शिकवतो. आवाज अजून तसाच खणखणीत आहे. कबड्डीत ज्याला कोणी धरू शकत नव्हते, त्याची सात एकर जमीन पूर्वी ज्वारी आणि तुरीची होती, आता सगळे सोयाबीन आहे. आणि यंदा सप्टेंबरच्या अतिवृष्टीत ते उभे पीक पाण्यात गेले, तरी सगळ्यांना जेवू घालण्याचा हट्ट त्यानेच धरला. मुलींपैकी चौघी आल्या होत्या. एक उमरगा तालुक्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स आहे आणि कोरोनाच्या पहिल्या दोन्ही लाटांत ती घरी जवळजवळ गेलीच नव्हती. तिच्याविषयी मला फार अभिमान वाटतो. मागच्या बाकावरच्या आपल्या मित्राचे आईवडील त्या रात्री गेले, हे तुला ठाऊक आहेच. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली, त्यांत त्याचा धाकटा भाऊ होता. तो शिकला, नोकरीला लागला आणि आता थोरल्या भावाच्या मुलीच्या शिक्षणाचा खर्च उचलतो. आपल्यातले दोघे अलीकडे गेले, एक २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाने आणि दुसरा गेल्या वर्षी हृदयविकाराने. त्यांच्या घरी आम्ही त्या त्या वेळी जाऊन आलो होतो.

तुझ्या वडिलांची बदली नववी संपताना झाली आणि तू जूनमध्ये गाव सोडलेस, म्हणून दहावीचे ते वर्ष तू आमच्याबरोबर काढले नाहीस. आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, धक्के बसू लागले तेव्हाचे तुला आठवत असेल. रात्री गडगडल्यासारखा आवाज व्हायचा आणि माणसे अंथरुणे घेऊन अंगणात यायची. त्या वेळच्या नकाशात आपला भाग भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेल्या पट्ट्यात दाखवलेला होता. धक्के थांबले, पावसाळा आला आणि लोक पुन्हा माळवदाखाली झोपू लागले. दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, वर जाड लाकडे आणि त्यांवर दरसाल घातलेली माती. उन्हाळ्यात ज्या घरांनी गारवा दिला, त्यांनीच माणसे गाडली. अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून लोक उशिरा झोपले आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हलली. मी आखाड्यावर होतो, म्हणून राहिलो. त्याविषयी याहून अधिक लिहिण्याची मला इच्छा होत नाही.

शाळा पुन्हा सुरू झाली ती पत्र्याच्या शेडमध्ये. जुने हजेरीपत्रक ढिगाऱ्याखाली गेले होते, म्हणून सरांनी नवी वही घेतली आणि समोर बसलेल्यांची नावे एकामागून एक लिहिली. दुसरे काही करणे त्यांना शक्यही नव्हते. परंतु त्या वहीमुळे असे झाले की जे गेले ते आपल्या वर्गाच्या यादीतून एका सकाळीत नाहीसे झाले. पुढे त्यांची नोंद झाली ती पंचनाम्यात आणि मदतीच्या कागदांवर, घरातल्या कर्त्या माणसाच्या नावाखाली. भूकंपात आठ हजारांच्या आसपास माणसे गेली, असे आपण सहज म्हणून जातो. त्या आकड्यात आपल्या वर्गाचे कोण होते, हे मात्र आज तुझ्या-माझ्यासारख्यांच्या आठवणीपलीकडे कुठे सापडत नाही.

म्हणून जेवणानंतर आम्ही आठवेल तशी यादी करायला बसलो. खिडकीजवळच्या बाकावरचा तो किरकोळ मुलगा आठवतो का, जो वर्गात बसून नुसत्या भोंग्यावरून निलंग्याची एस.टी. कोणती आणि लातूरची कोणती ते सांगायचा? आणि फळ्यावर रोज सुविचार लिहिणारी ती? ती शिरोरेषा शेवटी एका झटक्यात ओढायची, आणि ती इतकी सरळ यायची की सर डस्टर उचलायचे पण पुसायचे नाहीत, खालच्या जागेत गणित मांडायचे. तिची आई आहे. नव्या गावात घरे जमिनीच्या हिशेबाने मिळाली, अडीचशे, साडेचारशे आणि साडेसातशे चौरस फुटांची. एका बाकावर बसलेल्यांची घरे अशी तीन मापांच्या वेगवेगळ्या रांगांत विखुरली, हे मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही. काकू त्यांतल्या अडीचशे फुटांच्या घरात राहतात. आम्ही संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. त्यांच्याजवळ मुलीचा एकही फोटो नाही. पुतण्याच्या मुलीला जवळ ओढून, तिच्या कपाळावरचे केस मागे सारून त्या म्हणाल्या, "कपाळ असं होतं बघा, डोळे नव्हं, डोळे मोठे होते."

मागच्या महिन्यात लातूरचे जुने घर आवरताना नववीच्या स्नेहसंमेलनाचा वर्गाचा फोटो सापडल्याचे तू सहज बोलून गेलास. मित्रा, आमच्यापैकी कोणाकडेही त्याची प्रत उरलेली नाही. मोबाईलवर काढून पाठवू नकोस. त्यात मागच्या ओळीतले चेहरे ओळखू येणार नाहीत. चांगल्या स्टुडिओत स्कॅन करून घे आणि मूळ फोटो दिवाळीच्या सुटीत स्वतः घेऊन ये. कोण कुठे उभे आहे ते डावीकडून क्रमाने लिहून ठेव, आणि जे गेले त्यांच्याविषयी तुला जे आठवेल, मग ते कितीही बारीक असो, तेही लिही. नववीपर्यंतचा वर्ग तुझ्या मनात जसाच्या तसा राहिला असेल. आमच्या आठवणींवर त्यानंतरचे फार काही साचले आहे. घरोघरी प्रती पोहोचवण्याचे काम मी आणि मॉनिटरने घेतले आहे, त्याच्या खर्चाची चिंता तू करू नकोस.

काकूंना त्यांच्या मुलीचा चेहरा वेगळा मोठा करून द्यायचा आहे. त्यांना आता डाव्या डोळ्याने दिसत नाही आणि उजव्याचे ऑपरेशन डिसेंबरात आहे, म्हणून दिवाळी टाळू नकोस. आलास की किल्लारी पाटीवर उतर, मी मोटारसायकल घेऊन येतो.

तुझ्या आईंना माझा साष्टांग नमस्कार सांग, वहिनींना नमस्कार आणि मुलांना अनेक आशीर्वाद. उत्तराची वाट पाहतो.

तुझा,
वर्गमित्र